न चाललेल्या टेस्टचा हिशोब

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं एकाच दुखण्याची निघाली: सॉफ्टवेअर तपासताना ज्या टेस्ट चालवायच्या राहून गेल्या, त्यांची मोजदाद ठेवायची कशी? बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवली आहेत, त्या वाचकांनी कृपया राग मानू नये. मी १८ वर्षं टेस्टिंगच करते आहे. आधी १२ वर्षं पुण्यात हिंजवडीला, आणि गेली सहा सांगलीत, विश्रामबागेतल्या घरून. या एका विषयावर लिहायचं माझ्या मनात बरेच दिवस होतं.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: टेस्ट केस म्हणजे लिहून ठेवलेली एक तपासणी. अमुक आकडा भरला, अमुक बटण दाबलं, की अमुक उत्तर आलं पाहिजे. एका मध्यम सॉफ्टवेअरला अशा शेकडो असतात. त्या कुणी चालवल्या, कधी चालवल्या, निकाल काय लागला, हे ठेवायला वेगळी टूल्स मिळतात. एक टेस्ट एकदा चालवणं म्हणजे रन, टेस्टची एक पूर्ण फेरी म्हणजे सायकल, तपासायला तयार झालेली सॉफ्टवेअरची प्रत म्हणजे बिल्ड, आणि नवी आवृत्ती वापरणाऱ्यांच्या हाती देणं म्हणजे रिलीज.

प्रश्न : ताई, मी मिरजेत घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी टेस्टिंग करते. आमच्याकडे त्यासाठी क्वालिटी सेंटर हे टूल आहे. रिलीजला चार दिवस उरलेत. मॅनेजर सरांनी टेस्ट प्लॅनमधून या रिलीजची यादी काढली: ४१२ टेस्ट, त्यांत ‘नो रन’ २१. मी टेस्ट लॅबमधून काढली: ३८६ ओळी, त्यांत ‘नो रन’ ३८, बाकी सगळ्या पास किंवा फेल. ३० टेस्ट दोन ब्राउझरवर बघायच्या म्हणून दोनदा घेतल्यात. सर म्हणतात तुझी यादी चुकली. खरा आकडा कोणाचा?
– एक वाचक, मिरज

उत्तर : बाळा, तुझी यादी चुकलेली नाही आणि सरांचीही नाही. तुम्ही दोघांनी टूलला वेगवेगळे प्रश्न विचारलेत आणि दोघांनाही खरी उत्तरं मिळालीत. रिलीजच्या आधी विचारायचा प्रश्न मात्र तिसराच आहे, आणि तू दिलेल्या आकड्यांवरून त्याचं उत्तर २१ही नाही, ३८ही नाही. तुमची बाकी ९४ आहे.

कशी ते बघ. टेस्ट प्लॅन हे कोठार. लिहिलेली टेस्ट तिथे एकदाच असते. टेस्ट लॅबमध्ये आपण त्या कोठारातून टेस्ट उचलतो आणि सेटमध्ये घालतो. घातलेल्या प्रत्येक प्रतीला टूल इन्स्टन्स म्हणतं. तुझ्या ३८६ ओळी म्हणजे ३८६ इन्स्टन्स. त्यांतल्या ३० दुबार, तेव्हा वेगवेगळ्या टेस्ट झाल्या ३५६. कोठारात आहेत ४१२. मग ५६ गेल्या कुठे? त्या या सायकलच्या कुठल्याच सेटमध्ये आलेल्या नाहीत. पास नाहीत, फेल नाहीत, आणि लॅबच्या यादीत ‘नो रन’ही नाहीत, कारण त्या यादीत ‘नो रन’ म्हणून दिसायलासुद्धा आधी सेटमध्ये यावं लागतं. तुझ्या ३८ मध्ये या ५६ मिळव.

सरांचा २१ कुठून आला? टेस्ट प्लॅनमध्ये टेस्टसमोर जो एक्झिक्युशन स्टेटस दिसतो तो तिच्या शेवटच्या रनचा असतो. तो रन कोणत्या सेटमधला, कोणत्या रिलीजचा, याच्याशी त्या रकान्याला देणंघेणं नाही. मागच्या दिवाळीत पास झालेली टेस्ट या आठवड्यात कुणी हातही लावला नसला तरी तिथे पासच दिसते. म्हणजे २१ हा आकडा लिहिल्यापासून एकदाही न चाललेल्या टेस्टचा. तोही उपयोगाचा आहे, पण रिलीजला चार दिवस असताना तो बघून निर्धास्त होणं धोक्याचं.

आता टक्के काढ. लॅबच्या हिशोबाने ३८६ पैकी ३४८ झाल्या, म्हणजे ९० टक्के. पण व्हायला हव्या होत्या ४१२ आणि वर दुबारच्या ३०, मिळून ४४२. ३४८ भागिले ४४२ केलंस तर ७९ टक्केही भरत नाहीत. मीटिंगमध्ये सगळे अंशाकडे बघतात. किती झाल्या, काल किती होत्या, आज किती वाढल्या. छेद कुठून आणला हे कुणी विचारत नाही, आणि टूल बिचारं जेवढ्या ओळी दिल्यात तेवढ्यांनाच भागतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. सांगलीला परत आल्यावर माझ्याकडे आलेलं पहिलं मोठं काम मार्केट यार्डातल्या अडतीच्या हिशोबाचं होतं. हळदीचा सौदा झाला की शेतकऱ्याला पट्टी द्यायची: पोती किती, वजन, दर, त्यातून हमाली, तोलाई वजा, हाती रक्कम. मी टेस्टलिंक नावाच्या टूलमध्ये टेस्ट केसेस लिहिल्या. फोल्डरवार लावल्या. टेस्ट प्लॅन केला (टेस्टलिंकमध्ये प्लॅन म्हणजे कोठार नव्हे, चालवायला निवडलेल्या टेस्ट), एकेक फोल्डर त्यात घेतला, सगळ्या चालवल्या. ‘नॉट रन’चा रिपोर्ट काढला, रिकामा आला. शंभर टक्के झालं असं लिहून मी सही केली.

वर्षअखेरीची सुट्टी संपून यार्ड उघडलं त्या सकाळी मी पेढीवरच होते. गादीच्या कडेला लॅपटॉप घेऊन बसले होते. दुपारी जतकडचे एक वयस्क शेतकरी पट्टी घेऊन परत आले. काही बोलले नाहीत. खिशातून छोटी वही काढली, तिच्यात पेन्सिलने ‘१४’ लिहिलं होतं, त्याच्या शेजारी पट्टी ठेवली आणि पट्टीवरच्या ९ या आकड्यावर बोट ठेवलं. नाव त्यांचं, पोती दुसऱ्याची. दिवाणजींनी पट्टी पुन्हा छापली, पुन्हा ९. झालं होतं असं की नव्या आर्थिक वर्षात पट्टीचा नंबर एकपासून सुरू झाला, पण पट्टी छापताना प्रोग्रॅम नंबर बघत होता, वर्ष बघत नव्हता. त्यामुळे मागच्या एप्रिलमधल्या त्याच नंबरच्या पट्टीतली पोती तो उचलत होता.

संध्याकाळी घरी येऊन टेस्टलिंक उघडलं. ‘वर्षबदल’ नावाचा फोल्डर तिथे होता. त्यात सात टेस्ट केसेस. तिसरी अगदी हीच होती: ‘१ एप्रिलनंतरची पहिली पट्टी पुन्हा छापा, मागच्या वर्षीची येता कामा नये.’ माझ्याच हाताने लिहिलेली. तो फोल्डर प्लॅनमध्ये घ्यायचा माझ्याकडून राहिला होता, आणि प्लॅनमध्ये नसलेली टेस्ट ‘नॉट रन’च्या रिपोर्टमध्ये येत नाही. त्या काकांचं बोट मला अजून दिसतं. तेव्हापासून राहिलेल्या टेस्ट मोजायला मी सेटपासून सुरुवात करत नाही, कोठारापासून करते.

तुला करायचं ते असं. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला थेट प्रश्न विचारायची भाषा, चालवायची मुभा अ‍ॅडमिनने दिली असेल तर टेस्टचं टेबल डावीकडे, सायकलमधल्या इन्स्टन्सचं टेबल उजवीकडे घेऊन लेफ्ट जॉइन लाव, म्हणजे जोडी असो वा नसो, डावीकडची प्रत्येक ओळ राहते. डावीकडे तुमच्या रिलीजचे फोल्डरच घे. उजवीकडे जोडी मिळाली नाही त्या ओळी म्हणजे तुझ्या ५६. एक जागा सांभाळ: ‘हीच सायकल’ ही अट ‘ऑन’मध्ये, म्हणजे जोडणीच्या अटीतच, लिही. ‘व्हेअर’मध्ये, म्हणजे जोडणीनंतरच्या गाळणीत, लिहिलीस तर ज्या ओळींना जोडीच नाही त्या अटीवर गळतात. ज्या शोधायला निघालीस नेमक्या त्याच जातात, वर क्वेरी निमूटपणे चालते आणि शून्य दाखवते. मुभा नसेल तर दोन्ही याद्या एक्सेलमध्ये काढ आणि काउंटइफ या फॉर्म्युल्याने जुळव. पण जुळवणी टेस्टच्या नावावर करू नकोस. लॅबमध्ये नावाआधी चौकटी कंसात १, २ असा इन्स्टन्सचा नंबर लागतो, त्यामुळे नावं जुळत नाहीत. टेस्ट आयडीचा रकाना दोन्हीकडे घे.

पासच्या यादीवरूनही एकदा नजर फिरव. लॅबच्या जाळीत थेट स्टेटस बदलून ‘पास’ केलं की टूल आपण होऊन एक रन तयार करतं आणि त्याच्या नावाची सुरुवात ‘फास्ट रन’ने होते. एकेक स्टेप चालवून झालेला तो रन नव्हे. कधीकधी त्याला रास्त कारण असतं. पण एकाच माणसाच्या नावावर, एकाच दुपारी, पाच मिनिटांत असे ४० फास्ट रन दिसले तर त्या टेस्टबद्दल त्या माणसाशी प्रेमाने बोलायला हवं. ‘नॉट कम्प्लिटेड’ म्हणजे सुरू करून अर्ध्यात सोडलेल्या आणि ‘ब्लॉक्ड’ म्हणजे अडलेल्या, या दोन्ही माझ्या हिशोबात बाकीच. काही जण ब्लॉक्डला झालेल्यांत धरतात, कारण टेस्टरने प्रयत्न तर केला. मला ते पटत नाही. जे तपासायचं होतं ते तपासून झालेलं नाही.

सर म्हणतील, मागच्या रिलीजला पास झालेल्या परत कशाला? त्यांना एरियन ५ ची हकिगत सांग. ४ जून १९९६ ला युरोपचं हे नवं रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत मोडून पडलं. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेतलं सॉफ्टवेअर एरियन ४ वरून आणलेलं होतं. तिथे ते उत्तम चाललं होतं. नव्या रॉकेटचा वेग वेगळा, मार्ग वेगळा. ६४ बिटांतली एक संख्या १६ बिटांत मावली नाही आणि यंत्रणा बंद पडली. एरियन ५ च्या मार्गाचे आकडे घालून त्या यंत्रणेची तपासणी झालीच नव्हती. तुमच्या ५६ मधल्या बऱ्याच टेस्टसमोर प्लॅनमध्ये असाच कुठलातरी जुना ‘पास’ लागलेला असणार.

५६ च्या ५६ चार दिवसांत चालवच असं मी म्हणत नाही. काही टेस्ट ज्या स्क्रीनच्या आहेत ती स्क्रीनच काढून टाकली असेल. काही खरंच या रिलीजला लागू नसतील. पण प्रत्येकीसमोर कारण येऊ दे, आणि ज्यांना कारण सापडत नाही त्या आज दुपारपासून चालवायला घे.

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत आमचं सहा जणांचं ऑफिस आहे. साखर कारखान्यांच्या आणि खडी क्रशरच्या वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर करतो. टेस्ट केसेस २०० च्या आसपास, सगळ्या एक्सेलमध्ये. झालेल्या मोजायला निकालाच्या रकान्यावर काउंटए, म्हणजे भरलेल्या चौकटी मोजणारा फॉर्म्युला, लावलाय. हल्ली आकडा जुळत नाही, हाताने मोजलं की दोन-चार कमी भरतात. मोठं टूल घ्यायलाच हवं का?
– एक उद्योजक, कुपवाड

उत्तर : टूल घ्यायची घाई करू नका, साहेब. २०० टेस्ट आणि सहा माणसं एवढ्याला एक्सेल पुरतं. फरक का येतो ते मात्र आधी सांगते, कारण तो मी बऱ्याच शीटमध्ये पाहिला आहे. कुणीतरी चुकून निकाल भरतो, चूक लक्षात आल्यावर तो खोडायला डिलीटऐवजी स्पेसबार दाबतो आणि एंटर मारतो. चौकट डोळ्यांना कोरी दिसते, पण तिच्यात एक स्पेस बसलेली असते. काउंटए तिला भरलेली धरतो. म्हणजे न चाललेली टेस्ट झालेल्यांत जाते. शेजारच्या रकान्यात लेन हा अक्षरं मोजणारा फॉर्म्युला लावून खाली ओढा. कोऱ्या दिसणाऱ्या चौकटीसमोर १ आला की चोर सापडला.

पण खरा उपाय म्हणजे कोरी चौकट ठेवूच नका. सगळ्या ओळींत सुरुवातीलाच ‘बाकी’ भरा. डेटा व्हॅलिडेशनने यादी बांधून द्या: बाकी, पास, फेल, अडली, लागू नाही. यांखेरीज काही लिहिताच येणार नाही असं करा आणि मोजायला काउंटइफ वापरा. कोरं आणि ‘बाकी’ एकच ना, असं वाटेल. पावसाळ्यात आपण सगळे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पातळी विचारत असतो. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलेलं आपण पाहिलं. एखाद्या तासाची पातळी कुणी वाचलीच नसेल आणि तिथे जागा नुसती कोरी असेल, तर बघणाऱ्याला कळत नाही की पाणी तेवढंच आहे म्हणून लिहिलं नाही, की पुलावर माणूसच गेला नाही. ‘पातळी घेतली नाही’ असं लिहिलं असेल तर नदीकाठचा माणूस सावध राहतो. तुमच्या शीटमध्ये ‘बाकी’ हा शब्द तेवढ्यासाठी हवा.

प्रत्येक बिल्डला नवी शीट करा आणि निकालाचा रकाना पुन्हा सगळा ‘बाकी’ करा. जुना ‘पास’ पुढे ओढू नका. टेस्टलिंक हे फुकट मिळणारं टूल नेमकं असंच वागतं: निकाल बिल्डवार ठेवतं, आणि नवं बिल्ड केलं की त्यात सगळ्या टेस्ट ‘नॉट रन’पासून सुरू होतात. माणसं वाढली, दोघं एकाच वेळी एकाच शीटमध्ये लिहून एकमेकांचं पुसायला लागले, की तिकडे वळा. त्यात कुठल्याच प्लॅनमध्ये न घेतलेल्या टेस्टची यादी देणारा रिपोर्टही आहे. तो मला उशिरा कळला.

आणखी एक रकाना वाढवा, ‘का राहिली?’ तुमच्या धंद्यात याचं उत्तर बहुतेक वेळा ‘गाडी नव्हती’ असणार. एका ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या, आधी एक काट्यावर, मग दुसरी, पावती एकच; ही टेस्ट ऑफिसात बसून होत नाही, आणि हंगाम सुरू व्हायच्या आधी भरलेली ट्रॉली कुठून आणायची? सलग तीन बिल्डला एकाच टेस्टसमोर ‘गाडी नव्हती’ आलं, तर ती राहिलेली नाही, तुम्ही सोडून दिलेली आहे. गळीत सुरू झाल्यावर पहिल्याच रात्री, काट्यावर रांग लागलेली असताना, ती आपली आपण चालणार. त्याआधी काट्याच्या वैधमापन पडताळणीसाठी प्रमाणित वजनं आणली जातात त्या दिवशी कारखान्याशी बोलून तासभर मागून घ्या. वजनं मिळाली की दोन ट्रॉल्यांचं काम भागतं.

प्रश्न : मॅडम, आमचं बहुतेक टेस्टिंग ऑटोमेशनचं, म्हणजे स्क्रिप्टने आपोआप चालणारं आहे. पायथनमधल्या टेस्ट चालवायला पायटेस्ट आणि ते वेळेवर सुरू करायला जेनकिन्स. रोज रात्री रन होतो, सकाळी हिरवं दिसतं. क्लायंटनं विचारलं, ‘न चाललेल्या किती?’ हिरव्यात न चाललेल्या असतात का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : असतात. माणूस टेस्ट चालवतो तेव्हा राहिलेली टेस्ट निदान त्याच्या मनाला टोचते. स्क्रिप्टला तेही नाही.

सरळ दिसणाऱ्या आधी. स्किप केलेल्या, म्हणजे वगळलेल्या, टेस्टमुळे पायटेस्टचा रन फेल होत नाही, आणि जेनकिन्स हिरवाच राहतो. शेवटच्या ओळीत ‘स्किप्ड’चा आकडा असतो, पण हिरवा गोळा बघून कुणी ती उघडत नाही. रनच्या कमांडला ‘-rs’ हा पर्याय जोडा म्हणजे प्रत्येक स्किपचं कारण छापून येईल. जावावाल्या मित्रांसाठी सांगते, टेस्टएनजी या त्यांच्या टूलमध्ये एक टेस्ट दुसरीवर अवलंबून ठेवलेली असेल आणि पहिली पडली, तर मागची स्किप होते. एक लॉगिन पडलं की त्याच्यामागच्या ३० टेस्ट कधी सुरूच होत नाहीत, आणि रिपोर्टमध्ये ‘फेल १’ एवढंच नजरेत भरतं.

मला जास्त भीती वाटते ती गोळाच न होणाऱ्या टेस्टची. पायटेस्ट नावावरून टेस्ट ओळखतो. फंक्शनच्या नावाची सुरुवात ‘टेस्ट’ने व्हावी लागते, आणि फाइलच्या नावात सुरुवातीला ‘टेस्ट_’ किंवा शेवटी ‘_टेस्ट’ असावं लागतं. घाईत ‘टेस्ट’च्या जागी ‘टेट्स’ टाइप झालं की ती टेस्ट त्याच्या लेखी नाही. स्किप नाही, फेल नाही, चूक दाखवणारी ओळ नाही. दुसरा प्रकार याहून छुपा. कुणीतरी जुनी टेस्ट कॉपी करून खाली चिकटवतो, आतला मजकूर बदलतो आणि नाव बदलायला विसरतो. एकाच फाइलमध्ये एकाच नावाची दोन फंक्शन्स असली की पायथन नंतरचं ठेवतो, आधीचं जातं. रात्री चालते ती एकच. गेलेली टेस्ट कदाचित दोन वर्षं रोज बग पकडत आलेली असते.

म्हणून रनच्या आधी ‘कलेक्ट-ओन्ली’ने यादी काढून तिचा आकडा रोज नोंदवा. कालच्यापेक्षा आज कमी आला तर चहाच्या आधी कारण शोधा. आणि आठवड्यातून एकदा तो आकडा तुमच्या टेस्ट मॅनेजमेंट टूलमध्ये ‘ऑटोमेटेड’ खूण असलेल्या टेस्टशी ताडून बघा. वर मिरजेच्या मुलीला सांगितलेलं कोठार इथेही लागू आहे.

निकाल टूलमध्ये ढकलत असाल तर ज्यांचा निकाल पोचला नाही त्या तिथे मूळ अवस्थेत पडून राहतात. टेस्टरेलमध्ये तिला ‘अनटेस्टेड’ म्हणतात, झेफर स्क्वॉडमध्ये ‘अनएक्झिक्युटेड’, एक्सरेमध्ये ‘टू डू’. क्लायंटला आकडा द्यायचा तो इथून द्या, जेनकिन्सच्या रंगावरून नाही. टेस्टरेलमध्ये रन, म्हणजे तिथे चालवायच्या टेस्टची यादी, बनवताना सगळ्या टेस्ट घ्या हा पर्याय निवडलात तर नंतर लिहिलेल्या टेस्टही चालू रनमध्ये आपोआप येतात. निवडक घेतल्यात तर येत नाहीत. बरेच जण सवयीने निवडक घेतात आणि मधल्या आठवड्यात लिहिलेल्या टेस्ट बाहेर राहतात.

प्रश्न : रिलीज उद्या आहे. २६ टेस्ट राहिल्यात. लीड म्हणतात, त्यांना ‘एन-ए’ करून टाक, रिपोर्ट स्वच्छ दिसू दे. नोकरी नवी आहे. काय करू?
– एक वाचक, कराड

उत्तर : करू नका. ‘एन-ए’ म्हणजे लागू नाही. वेळ मिळाला नाही म्हणजे लागू नाही असं होत नाही. आणि ती खूण तुमच्या लॉगिनखाली पडेल, लीडच्या नाही. टूलच्या इतिहासात तारीख, वेळ आणि तुमचं नाव कायमचं राहील. टेस्टरेलसारख्या टूलमध्ये तर एकदा निकाल भरला की टेस्टला परत ‘अनटेस्टेड’ करता येत नाही.

लीडशी भांडूही नका. त्यांच्यावरही वरून दबाव असणार. राहिलेल्या टेस्ट घेऊन रिलीज करणं हा गुन्हा नाही, कंपन्या तसं रोज करतात. टेस्टिंगच्या कागदपत्रांचा नमुना ठरवणाऱ्या आयईईई ८२९ या मानकाच्या १९९८ च्या आवृत्तीत तर शेवटच्या अहवालात काय पुरेसं तपासलं गेलं नाही आणि का, हे लिहायला स्वतंत्र जागा आहे. राहिलेलं लिहिणं हा अहवालाचाच भाग आहे, डाग नव्हे.

आज रात्री २६ ओळी कारणावार लावा. ज्या खरोखर लागू नाहीत तेवढ्याच ‘एन-ए’ करा आणि प्रत्येकीत एक वाक्य लिहा. उरलेल्यांसाठी अहवालात सरळ मजकूर घाला. समजा एकही ‘एन-ए’ निघाली नाही, तर असा:

‘या बिल्डवर २६ टेस्ट चालवलेल्या नाहीत. १५ पेमेंट गेटवेचं चाचणी खातं बंद असल्यामुळे. ८ जुन्या अँड्रॉइडचा फोन उपलब्ध नसल्यामुळे. ३ बिल्ड उशिरा मिळाल्यामुळे. पेमेंटचा परतावा आणि अर्धवट राहिलेला व्यवहार हे दोन भाग त्यामुळे तपासलेले नाहीत. यांसह रिलीज करण्याचा निर्णय :’

शेवटच्या दोन टिंबांपुढची जागा मोकळी ठेवा. अहवाल लीडना मेलवर पाठवा, आणि मग त्यांच्या टेबलापाशी जाऊन शांतपणे एवढंच विचारा, ‘सर, इथे कुणाचं नाव घालू?’